पन्नास चाली

बुद्धिबळाच्या हरत आलेल्या डावात बरोबरी मागितली की माणूस लाचार दिसतो. 'फिडे' या जागतिक बुद्धिबळ संघटनेचा नियमही सांगतो, की आपली चाल करावी आणि घड्याळ दाबण्याआधी विचारावं. उगाच विचारत राहून समोरच्याला पिडणं नियमात बसत नाही. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या कट्ट्यावर घड्याळ नाही, तेव्हा मी दर चालीला विचारू शकलो असतो. संस्कार आड आले.

बरोबरीचा खरा खानदानी मार्ग म्हणजे कोंडी. राजाला शह नाही, पण हलायला जागाही नाही! साधारण 1600 ते 1800 या काळात इंग्लंडात अशी कोंडी करणारा चक्क हरला असं धरत. काय सुसंस्कृत लोक! आपल्याकडे येऊन बिघडले.

पण समोर निवृत्त मास्तर. ते कोंडी होऊ देत नाहीत. माझा उरला एकटा राजा, त्यांच्याकडे राजा, उंट आणि घोडा.

"सोड की रे आता. कशाला जीव ओढालास?"

"खेळूया की, मास्तर."

हे म्हणताना चेहरा तेराव्याला जेवायला बसल्यासारखा ठेवावा. हसू दिसलं की संपलं.

उंट-घोड्याची मात अचूक खेळल्यास फार तर 33 चालींत होते, पण उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यात राजाला रेटत न्यावं लागतं. मास्तरांचा उंट पांढऱ्या घरांतला. मी जाऊन काळ्या कोपऱ्यात बसलो. मास्तर घोडा उचलायचे, हवेत धरायचे, परत त्याच घरात ठेवायचे आणि मागच्या यंत्रमागाच्या खडखडाटाला शिव्या द्यायचे. हात लावला की तेच मोहरं चालायला हवं. पण हरणाऱ्याने नियम काढू नयेत, वाईट दिसतं. पन्नास चालींचा तेवढा अपवाद. कुणाचं प्यादं हललं नाही, काही मारलं गेलं नाही आणि दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या, की बरोबरी हक्काची.

मी मनात मोजत होतो. मास्तरांच्या बाजूने शेजारचे अण्णा मोजत होते, कन्नडमध्ये.

"मास्तर, पन्नास झाल्या."

"नलवत्तेळु," अण्णा म्हणाले. म्हणजे सत्तेचाळीस.

झालं. कट्टा दोन्ही बाजूंनी बोलू लागला. चाली लिहून ठेवायच्या असतात, हे सगळ्यांना तेव्हाच आठवलं. मास्तर म्हणे, तीन चालींत मात करून दाखवतो. मी म्हटलं, संपलेल्या डावात कसली मात?

तेवढ्यात मागून कुणीतरी सुचवलं, "आयोग नेमा की."

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल येऊन पडला 1967 साली. त्याच प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि संध्याकाळभर नाकारलेली बरोबरी त्या क्षणी मान्य केली.