पोहे संपेपर्यंत न आटोपलेलं उत्तर

परवा सीताबर्डीवर फील्डमधला जुना मित्र भेटला. हातात तर्री-पोह्याची प्लेट आणि पहिलाच प्रश्न, "काय बे, औषधं विकता विकता डोकी दुरुस्त करायला लागला म्हणे?" हसलो. पण उत्तर लांबलचक होतं, म्हणून इथे लिहितोय.

बीएस्सीनंतर 11 वर्षं मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. नागपूर, वर्धा, यवतमाळ. मे महिन्यात 45 अंशांत टाय बांधून फिरणं काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. मग विमा विकला. मानेवाड्याला मेव्हण्यासोबत झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि बुडवलं. 37व्या वर्षी इग्नूच्या एमए मानसशास्त्राला प्रवेश घेतला, तेव्हा आई म्हणाली, "लोकाईच्या भानगडी आयकाचे पैसे देते का कोनी?"

लोकांना वाटतं, एमआरला बोलता येतं, म्हणजे समुपदेशन सोपंच गेलं असेल. उलटं झालं. डॉक्टर दोन मिनिटं देणार, त्यात तीन ब्रँड सांगून सॅम्पल हातात द्यायचं, ही माझी सवय. इंटर्नशिपमध्ये एक बाई आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा भांडून घर सोडून गेलेला. त्या चार वाक्यं बोलल्या असतील-नसतील, मी सुरू. प्राणायाम करा, डायरी लिहा, मैत्रिणींना भेटा. त्या "हौ सर, हौ सर" करत पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या. पुढच्या आठवड्यात आल्याच नाहीत. सुपरवायझर मॅडमनी माझी नोंद वाचली आणि एवढंच विचारलं, "मुलाचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं.

आपल्या शब्दातच घोळ आहे, असं माझं मत झालंय. समुपदेशन. आत उपदेश बसलेलाच आहे. येणाराही तोच मागतो, "सर, तुमीच सांगा आता काय करू." कार्ल रॉजर्ससारखा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1940च्या दशकापासून सांगत होता की सल्ला देत बसू नका, समोरच्याला समजून घ्या. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहून मार्क मिळवले होते. तोंड बंद ठेवायला मात्र दोन वर्षं लागली.

मग ती 11 वर्षं वाया गेली का? बोलण्यातली गेली. बाकावरची नाही. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दोन-दोन तास पेशंटच्या नातेवाइकांशेजारी बसायचो. ते मला काय काय सांगायचे! टायवाला अनोळखी माणूस, कुठे जाऊन सांगणार नाही. कर्ज, सासू, दारू, गेलेलं बाळ. मी नुसता ऐकत असायचो, आणि मनात घड्याळाला शिव्या घालायचो.

या लाईनमध्ये यायचंय असे मेसेज बरेच येतात. तीन दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकांना 2021च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात जागा मिळाली, तरी आजही कुणीही पाटी लावून बसतो. पदवी घ्याच, पण चुका दाखवणारा सुपरवायझर त्याहून आधी शोधा. आणि पैसा उशिरा येतो, हे घरी आधीच सांगून ठेवा.

नागपुरात अजून एक अडचण. 1864पासूनचं मनोरुग्णालय आपल्याकडे, आणि ऑटोवाल्याच्या तोंडी आजही 'पागलखाना चौक'. माझ्याकडे येणारे कितीतरी जण गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावून पायी येतात.

तर, मित्र. हे सगळं त्याला सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच रिकाम्या प्लेटमध्ये चमचा फिरवत म्हणाला, "पोरगी दोन महिने झाले बोलत नाही बे माझ्याशी."

मी दोन चहा सांगितले.