बिनविरोध केलं म्हणजे गाव एक झालं का?

परवा घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, या वेळी ग्रामपंचायत बिनविरोध करू, भांडणं नकोत. लगेच सगळ्यांचे अंगठे. मला नाही पटलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

भांडणं होतात, आमच्या घरात झालीत. निफाड तालुक्यातलं आमचं गाव, मागच्या वेळी बाबा एका पॅनलकडून फिरत होते आणि काका दुसऱ्या पॅनलकडून उभे होते, काका सात मतांनी पडले. सामाईक विहिरीवर मोटारीच्या पाळ्या आजोबांपासून ठरलेल्या, त्यावरून बोलणं बंद झालं, एकमेकांचा स्टार्टर बंद करण्यापर्यंत गेलं, आणि ताईच्या लग्नात काकू अक्षता टाकून न जेवता निघून गेली. आई त्या दिवशी खूप रडली. वर पैसा वेगळाच. आदल्या रात्री पाकिटं, ढाब्यावर जेवणावळी, आणि ज्याने कर्ज काढून खर्च केला तो निवडून आल्यावर आधी वसुलीच बघणार ना.

पण त्याच काकांनी नंतर ग्रामसभेत उभं राहून पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचा हिशोब मागितला. पाइपलाइनचं बिल निघालेलं आणि पाइप अर्ध्या वस्तीपर्यंतच. सरपंच बाबांच्या पॅनलचा, त्यामुळे बाबा गप्प बसले, काका नाही बसले. महिन्याभरात उरलेला पाइप पडला. सगळे एकाच बाजूला असते तर हे विचारलं कुणी असतं?

आणि बिनविरोध म्हणजे एकोपाच असतो असंही नाही. आपल्याच जिल्ह्यातलं, देवळा तालुक्यातलं उमराणे आठवा. सरपंचपदाचा लिलाव, मंदिरासाठी म्हणून बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, व्हिडिओ फिरले आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. ज्याच्याकडे दोन एकर पण नाही त्याने उभं राहायचंच नाही का मग? नोटाचं, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या बटणाचं पण तेच. स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक, असा आदेश आयोगाने २०१८ ला काढलाय, पण बिनविरोध झालं की मशीनच येत नाही गावात, बटण दाबणार कुठे?

नाशकात कुणीतरी हमखास यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण देतं, १९६३ ला ते इथून लोकसभेवर बिनविरोध गेले. अहो, चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलेलं, ते देशाचे संरक्षणमंत्री. ती वेळ वेगळी होती, आपल्या वॉर्डाला ते लावू नका.

शहरात तर मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं प्रशासक होता. नगरसेवक नाहीत, चुरस नाही, फ्लेक्सबाजी पण कमी. पण मत मागायला दारात यायची कुणाला गरजच नव्हती, आणि दारात आलेल्या माणसालाच आपण चार गोष्टी सुनावू शकतो.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की विहिरीच्या पाळ्या या वेळी निवडणुकीआधीच कागदावर घेऊ, बाबा आणि काका दोघांच्या सह्या, मी रविवारी त्यासाठी गावी येतोय, पण काकांना फॉर्म मागे घ्या असं कृपा करून कुणी सांगू नका.