‘आधी शिका, मग लिहा’ म्हणणाऱ्यांना

‘गाडीचा डिजिटल मीटर मधूनच बंद पडतो तेव्हा’ या माझ्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय: “मल्टीमीटर घेऊन अर्थ (अर्थिंग) शोधत बसायचे दिवस गेले. स्कॅनर लावा, तो सांगतो काय बिघडलंय. 120 ओहमही चुकीचं. आधी शिका, मग लिहा.” पुढे अल्टरनेटर, इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि फोटोतला माझा जुना मल्टीमीटर यांवरही ताशेरे आहेत.

चूक आधी कबूल करतो. स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये, बॅटरी काढून, साधारण 60 ओहम यायला हवेत. कॅन लाइनच्या (गाडीतली मॉड्यूल, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरींच्या जोडीच्या) दोन टोकांना 120-120 चे रेझिस्टर समांतर असतात. घाईत एकाचाच आकडा लिहिला गेला. दुरुस्त केलाय, आभारी आहे. पण एवढ्यावरून ‘आधी शिका’? हे सांगायची ही कुठली पद्धत? आपण मला ओळखतही नाही. बावीस वर्षं डॅशबोर्डखाली उताणा पडून वायरी चाचपतोय मी.

आता तो स्कॅनर, गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. माझ्याकडेही आहे, शोभेला ठेवलेला नाही. एका गाडीत ब्लोअर फुल केला की मीटर काळा पडून पुन्हा सुरू व्हायचा. स्कॅनरने यू 0155 दाखवला, म्हणजे क्लस्टरशी, अर्थात डॅशबोर्डवरच्या त्या डिजिटल मीटरशी, संपर्क तुटला. कोण म्हणालं? गाडीतली बाकीची मॉड्यूल. क्लस्टर गप्प झाला एवढंच त्यांना कळतं. त्याचा सप्लाय गेला, अर्थ गेला, लाइन तुटली की तो स्वतःच मेला, हे त्यांना कुठून कळणार? त्या कोडवर विसंबून आधीच्या गॅरेजने क्लस्टरच बदलला होता. नवाही तसाच काळा पडला!

मी ओहममध्ये अर्थ मोजला तर 0.5. त्यातले 0.2 मल्टीमीटरच्या प्रोबच्या वायरींचेच. उरले 0.3, कुणीही ‘ठीक आहे’ म्हणून पुढे गेला असता. मग इंजिन बंद, चावी ऑन, ब्लोअर फुल. एक प्रोब क्लस्टरच्या अर्थ पिनवर, दुसरा बॅटरीच्या मायनसवर. आकडा साडेचार व्होल्ट! तिथे 0.1 च्या आसपास हवा. 0.3 ओहममधून 15 अँपिअर गेले की साडेचार व्होल्ट तिथेच संपतात, हा शाळेतला गुणाकार आहे. बॅटरीच्या 12.2 मधून क्लस्टरला उरले 7.7. तो बंद पडणार नाही तर काय करणार?

ब्लोअर आणि क्लस्टर एकाच अर्थ बोल्टवर होते. थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) काढून पाहिलं तर खाली रंगाचा थर. कुणीतरी पत्र्याचं काम करून रंगावरच बोल्ट आवळला होता. पत्रा घासला, बोल्ट कसला, आकडा 0.06 व्होल्टवर आला. स्कॅनरमध्ये ‘बोल्टखाली रंग’ असा कोड असेल तर जरूर कळवा.

अल्टरनेटरच्या रिपलचं (त्याच्या व्होल्टेजमधल्या चढउताराचं) म्हणणं बरोबर असेलही, पण लेखाचा तो विषयच नव्हता. इमोबिलायझरचंही तेच, क्लस्टर बदलायची वेळ आली तर बघू.

आणि हो, फोटोतला मल्टीमीटर जुना आहे, मान्य. त्याचा डिस्प्ले अजून एकदाही गेलेला नाही.