नॉर्मंडी, सायकल आणि तुमचे तीन आक्षेप

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर मी सायकलने फिरलो, त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘जिथं हजारो कोवळी पोरं मेली तिथं सायकली दामटत, सायडर पीत हिंडणं म्हणजे स्मशानात सहल. बसने पाचही किनारे एका दिवसात होतात. आणि आपले मराठे इटलीत लढले, ते सोडून गोऱ्यांच्या थडग्यांचं कौतुक कशाला?’ ‘मताचा आदर आहे’ असं लिहून सटकता आलं असतं, पण तिन्ही मुद्दे दमदार आहेत.

बसपासून सुरू करतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. विस्त्रेआमच्या किनाऱ्यापासून काँ शहरापर्यंत कालव्याकाठाने सायकलींचा वेगळा रस्ता आहे. साधारण 15 किलोमीटर, एकदम सपाट. रमतगमत गेलं तरी तासाभरात शहर येतं. 6 जून 1944 ला दोस्त सैन्य जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाच किनाऱ्यांवर उतरलं. त्यातल्या स्वोर्ड किनाऱ्यावर उतरलेल्या ब्रिटिश तिसऱ्या डिव्हिजनला हे काँ त्याच दिवशी घ्यायचं होतं. शहराचा उत्तरेकडचा भाग हाती आला 9 जुलैला. नदीपलीकडचा त्यानंतर आणखी दहाएक दिवसांनी. हे आकडे मी आधी वाचले होते आणि विसरलोही होतो. स्वतःच्या पायांनी तासात पोचल्यावर मात्र प्रश्न सोडेना: एवढ्याशा अंतराला महिना का लागला?

त्याचं उत्तर कालवा सोडून आतल्या गावांकडे वळलं की मिळायला लागतं. कोलव्हिल-माँगोमरीच्या वर ‘हिलमन’ नावाचा जर्मन बंकरांचा तळ आहे. तिथवरचा चढ बसमधल्या माणसाला जाणवणारही नाही. सायकलवर गिअर उतरवावा लागतो, आणि वर पोचून मागे वळलं की खालची शेतं, गावं, समुद्र सगळं उघडं पडलेलं दिसतं. खालून येणारा प्रत्येक जण वरच्याला दिसणार. ब्रिटिशांची सफोक रेजिमेंट इथे जवळजवळ दिवसभर अडकली. त्यात भरतीने वाळूची पट्टी अरुंद झाली, किनाऱ्यावर गाड्या-रणगाड्यांची कोंडी झाली, आणि दुपारनंतर जर्मनांच्या 21व्या पँझर डिव्हिजनचे रणगाडे आडवे आले. अमेरिकन उतरले त्या ओमाहा किनाऱ्यालाही तेच. ओहोटीला तिथे वाळू सुमारे 300 मीटर रुंद असते, आणि तिच्या मागे सरळ टेकाड. तो चढ मी निम्मा सायकल ढकलत चढलो. कोणी गोळ्या झाडत नव्हतं तरी!

आता सायकल म्हणजे मौज, हे समीकरण. त्या सकाळी बेर्निएरला उतरलेल्या कॅनडाच्या 9व्या ब्रिगेडच्या सैनिकांकडे सायकली होत्या. बोटीच्या शिडीवरून त्या सांभाळत उतरणाऱ्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. विमानातून उतरणाऱ्या ब्रिटिश छत्रीसैनिकांसाठी बीएसए कंपनीने घडीच्या सायकली बनवल्या होत्या. जर्मनांच्या राखीव तुकड्याही त्या दिवशी सायकली मारत इकडून तिकडे पळत होत्या. तेव्हा त्या किनाऱ्यावर सायकल परकी म्हणता येणार नाही.

स्मशानात सहल? दफनभूमीत सायकल फाटकाबाहेर ठेवून चालतच जातात, मीही तसाच गेलो. बाकीचा किनारा मात्र स्मशान नाही, तिथे माणसं राहतात. आरोमाँशला दोस्त सैन्याने उभारलेल्या कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे अजून पाण्यात उभे आहेत आणि ओहोटीला पोरं त्यांच्या आसपास खेळतात. त्या लढाईत नॉर्मंडीचे सुमारे 20,000 सामान्य नागरिक मेले, बरेचसे दोस्तांच्याच बाँबफेकीत. त्यांच्या नातवंडांनी तिथे सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, विकावा आणि मी तो प्यावा, यात मला तरी काही वावगं दिसत नाही.

‘कोवळी पोरं’ हा तुमचा शब्द खरा आहे. बायोच्या ब्रिटिश दफनभूमीत दगडांवर वय कोरलेलं असतं, 19, 20, 22, आणि खाली कधीकधी आईवडिलांची एखादी ओळ. तिथल्या 4,600 वर कबरींत 466 जर्मनांच्या आहेत. ओमाहाजवळच्या दुसऱ्या कोलव्हिलच्या अमेरिकन दफनभूमीत 9,300 हून अधिक पांढऱ्या खुणांवर नाव, तुकडी, राज्य, मृत्यूची तारीख एवढंच, वय नाही. भव्यतेत ती जागा कितीतरी वरचढ, पण मी जास्त वेळ थांबलो बायोला. ला काँबच्या जर्मन दफनभूमीत 21,000 वर माणसं आहेत, हेही जाता जाता सांगतो.

राहता राहिली इटली. इथे वादच नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले ते 10 जुलै 1944 ला, म्हणजे काँचा उत्तर भाग पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला 9 एप्रिल 1945 ला. जून 1944 पासून जगाचं लक्ष नॉर्मंडीकडे गेलं आणि इटलीतले सैनिक बातम्यांच्या मागच्या पानावर गेले, ही तक्रार त्या सैनिकांचीही होती. त्यासाठी नॉर्मंडीला जाऊ नये, हे मात्र पटत नाही. घाडग्यांच्या तारखेचं वजन मला काँ पाहिल्यानंतरच कळलं.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर एक व्यावहारिक गोष्ट. तिथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. पॅरिस–शेरबूर रेल्वेमार्गावर काँ, बायो आणि काराँताँ ही तिन्ही स्टेशनं आहेत. काराँताँला उतरून काँकडे निघा, वारा पाठीशी राहील. मी उलटा गेलो होतो.