शनी एकाच वेळी रोहिणीत आणि विशाखेत?

महाभारतातल्या ग्रह-नक्षत्रांच्या उल्लेखांवरून युद्धाची तारीख 'सॉफ्टवेअरने सिद्ध' केल्याची पोस्ट पुन्हा फिरायला लागली आहे. कुणी इ.स.पू. ३०६७ धरतं, कुणी ३१०२, आपले महाभारत-अभ्यासक प. वि. वर्तक यांनी तर ५५६१ सालचा १६ ऑक्टोबर दिलाय. एकाच ग्रंथावरून अडीच हजार वर्षांचा फरक! तरी प्रत्येकाचा दावा अचूकच.

मुळात भीष्मपर्वाच्या सुरुवातीला व्यास धृतराष्ट्राला जे सांगतात ते पंचांग नाही, अपशकुनांची यादी आहे. शनी रोहिणीला पीडा देतोय, असं तिथे आहे. आणि थोडं पुढे गेलं की तोच शनी गुरूसोबत विशाखेजवळ वर्षभर मुक्कामाला! शनीला एक नक्षत्र ओलांडायला वर्षाहून थोडा जास्त वेळ लागतो. रोहिणी ते विशाखा म्हणजे बारा नक्षत्रं, साधारण तेरा वर्षं. गुरूचंही तेच, तो आधी श्रवणात सांगितलाय. याच भाषणात देवांच्या मूर्ती हसतात, रक्त ओकतात, गाईंच्या पोटी गाढवं जन्मतात. ते सोडायचं आणि शनी तेवढा उचलायचा, हे कसं चालेल?

रामायणात राम वनवासाला निघतो तेव्हा त्रिशंकू, मंगळ, गुरू, बुध चंद्राला घेरतात. आज आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो तो दक्षिणेकडचा तारकासमूह चंद्राच्या वाटेपासून इतका लांब आहे की ही भेट कधीच शक्य नाही. कवीला अयोध्येवरचं संकट दाखवायचं होतं.

पण म्हणून 'सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. विपरीत काय हे सांगायला आधी नेहमीचं माहीत लागतं. व्यास म्हणतात, चौदा, पंधरा, सोळा दिवसांचे पक्ष झालेले आहेत, पण तेराव्या दिवशी अमावास्या आलेली मला माहीत नाही. चंद्राची गती कमीजास्त होते, त्यामुळे पक्षही लहानमोठा होतो. तेरा दिवसांचा पक्ष येतो, पण फार क्वचित. पिढ्यान्‌पिढ्या तिथी मोजणाऱ्यांनाच हे वाक्य सुचेल.

मला सगळ्यात आवडतो तो शल्यपर्वातला बलराम. युद्धात कुणाचीच बाजू न घेता तो तीर्थयात्रेला गेला होता. गदायुद्धाच्या वेळी परत येऊन म्हणतो, मला निघून बेचाळीस दिवस झाले, पुष्यावर निघालो, श्रवणावर आलो. बोटं मोजून बघा. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र सरकतो. पुष्यापासून पुन्हा पुष्यापर्यंत सत्तावीस, तिथून श्रवणापर्यंत चौदा, झाले एक्केचाळीस. निघाल्याचा दिवस धरला की बेचाळीस. ना शकुन, ना चमत्कार, प्रवासातून आलेला माणूस सहज बोलून जातो आणि हिशेब चोख बसतो.

या श्लोकावर मात्र फारशा पोस्टी दिसत नाहीत. साल निघत नाही ना त्यातून! हा हिशेब कुठल्याही शतकात असाच बसतो.