“सॅक्सन करतंच की ते”: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एक्सएसएलटी या एक्सएमएल दस्तऐवजांचं रूपांतर करणाऱ्या भाषेतल्या अटी वेगवान करण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत: “काउंट टाळा हा सल्ला शिळा आहे, सॅक्सन ते आपोआप करतं. नवख्याने नवख्यांना शिकवलं की असंच होतं.” (सॅक्सन हा एक्सएसएलटी चालवणारा एक प्रोसेसर, तर काउंट हे नोड, म्हणजे दस्तऐवजातले घटक, मोजणारं फंक्शन.) शिवाय एक्सएसएल-की (नोड पटकन शोधायची सूची) नाही, मोजमाप नाही म्हणूनही सुनावलंत.

सॅक्सन ‘काउंट शून्याहून जास्त’ ही अट नुसत्या अस्तित्वाच्या तपासणीत बदलतं, हे खरं. तसं एक वाक्य लेखात असतं तर बरं झालं असतं. पण ‘नवखा’ कशावरून ठरवलंत? एक्सएसएलटी १.० आलं १९९९ साली, २.० आलं २००७ मध्ये. या दोहोंच्या मधल्या काळापासून मी स्टाइलशीट (रूपांतराचे नियम) लिहितो आहे. रात्री चालणारी मोठमोठी रूपांतरं मी एक्सएसएलटीप्रॉकवर, म्हणजे लिबएक्सएसएलटी या लायब्ररीवर चालणाऱ्या प्रोसेसरवर, सांभाळली, आणि तिथे सॅक्सन बसवायची मुभाच नव्हती. एका टेम्प्लेटमधली अट प्रत्येक नोंदीसाठी दुहेरी तिरप्या रेघेने (//) अख्खा दस्तऐवज पिंजून काढायची. नोंदी दुप्पट झाल्या की वेळ चौपट. तीच तपासणी फॉर-ईचच्या (प्रत्येक नोंदीवर फिरणाऱ्या लूपच्या) बाहेर एकदाच करून व्हेरिएबलमध्ये ठेवली, तेव्हा काम सकाळच्या आत संपायला लागलं. हे मी कुठे वाचून लिहिलेलं नाही.

लिबएक्सएसएलटी आजही १.० वरच आहे. तिथे काउंटसाठी सगळे नोड गोळा होतात. अटीत नुसता पाथ (नोडपर्यंतचा मार्ग) दिला तर पहिला नोड सापडताच थांबता येतं. “प्रोसेसर बघून घेईल” हे तुमच्या प्रोसेसरपुरतं खरं आहे, सगळ्यांच्या नाही. ‘ऑर’चंही (‘किंवा’ने जोडलेल्या अटींचंही) तसंच. एक्सपाथ (या अटी ज्यात लिहितात ती भाषा) १.० मध्ये डावी बाजू खरी ठरली की उजवी तपासली जात नाही, असं मानकातच आहे. २.० ने तो क्रम प्रोसेसरवर सोडला. म्हणून ‘स्वस्त अट आधी’ हे मी १.० पुरतं सांगितलं होतं. ते वाक्य तुम्ही वाचलेलंच दिसत नाही. चूजमध्ये (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेत) मात्र व्हेन, म्हणजे त्यातले पर्याय, ओळीनेच तपासले जातात, पहिला खरा ठरला की पुढचे नाहीत. त्यामुळे वारंवार खरी ठरणारी अट वर ठेवण्याचा फायदा तिथे मिळतोच.

एक्सएसएल-की हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे नको. राहिलं मोजमाप. एक्सएसएलटीप्रॉकला प्रोफाइलचा (कुठे किती वेळ गेला ते दाखवणारा) पर्याय आहे. काउंटची अट आणि नुसता पाथ, दोन्ही तुमच्या सगळ्यात मोठ्या फायलीवर चालवा आणि मग मला शिळं म्हणा.