किती फूट झालं?

जुलै उजाडला की सांगलीत ‘बरं आहे का’ असं कोण विचारत नाही, ‘किती फूट झालं?’ असं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट पाणी म्हणजे इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर बघितल्यावर पाठ होणारच. २०१९ला तर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

पण मला आज बोलायचंय ते पूर यायच्या आधीच्या दिवसांबद्दल. माझं स्पष्ट मत आहे, माणूस खचतो तो तेव्हाच. पाणी एकदा गल्लीत शिरलं की आपण कामाला लागतो. धान्य माळ्यावर, कागदपत्रं पिशवीत, म्हातारी माणसं उंचावरच्या विश्रामबागेत पाहुण्यांकडे. भीती असतेच, पण हात रिकामे नसतात. त्याआधी मात्र वरच्या कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती जातंय, महाबळेश्वरला पाऊस किती, आणि रात्री दोन वाजता परत मोबाईल. ग्रुपवरचे निम्मे मेसेज कालचे, उरलेल्यातले बरेच खोटे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर दगड उचलायचे, खाली साप निघाला की हाताला विजेचा हलका झटका. झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोकांवर जेवढा ताण यायचा, त्यापेक्षा जास्त ताण ‘बसेल की नाही’ हे अर्धं-अर्धं असताना यायचा. हे वाचून मला नवल वाटलं नाही. सांगलीत नदीकाठच्या गावभागातल्या कुणालाही विचारा.

धोका दिसला की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं, मागोमाग कॉर्टिसॉल. नाडी वाढते, रक्तात साखर येते, पळायची किंवा भिडायची तयारी होते. ही सोय थोड्या वेळापुरती आहे. ती आठवडाभर चालू राहिली की झोप जाते, पोट बिघडतं, घरात विनाकारण भांडणं होतात. आणि यावर आपल्याकडचं औषध काय, तर ‘टेन्शन घेऊ नको’. सांगणारा स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे वेगळंच.

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, त्यांची पद्धत मला पटते. पावसाळ्याच्या आधीच घरातल्या सगळ्यांना बसवून त्या ठरवून टाकतात: “पस्तीसला गाडी वर न्यायची, अडतीसला आत्याबाईंना हलवायचं. मधनं मला कोण काय सांगू नका.” मग आकडा बघायचा सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पाणी त्यामुळं कमी होत नाही, पण रात्री दोन वाजता नव्यानं ठरवायचं काही उरत नाही.

हे सगळीकडं चालत नाही, तेही सांगतो. तासगावचा द्राक्षवाला ऑक्टोबरच्या पावसात फवारणी कधी घ्यायची हे आधी ठरवू शकतो, दर किती मिळणार हे नाही. कर्जाचे हप्ते थकलेल्याला ‘आकडा ठरव’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. तिथं दुसऱ्या कुणाशी तरी बोलायलाच लागतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर बोलायचा सरकारी नंबर २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. छातीत धडधडतंय म्हणून आपण मिरजेला जाऊन ईसीजी काढून येतो, तो काढायलाच हवा. तो नीट आला आणि धडधड तशीच राहिली, तरी हा फोन लावायला मात्र लाजतो.

बाकी प्रशासनाला एकच मागणं. ‘पातळी ४२ फूट’ म्हणून आमच्या घराचं काय होणार हे कसं कळायचं? प्रत्येक गल्लीच्या तोंडाच्या खांबावर आयर्विनचा आकडा रंगवा: पुलाजवळ इतकं झालं की इथं पाणी. दोन डबे रंग आणि एक पेंटर, एवढाच खर्च आहे. मे महिन्यात करा, जुलैत नको.